टोकाकडचे केस

लांब केस मुळाशी कोवळा असतो आणि टोकाशी म्हातारा. महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर, एवढीच त्याची चाल. या हिशेबाने पाठीच्या मध्यापर्यंत येणाऱ्या शेपट्याचं टोक तीन-साडेतीन वर्षांपूर्वी डोक्यातून वर आलेलं असतं. तेव्हापासून त्याने उन्हाळे सोसलेत, बोअरचं पाणी सोसलंय, रोजची फणी सोसलीय. आणि दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत रंग लावायची पद्धत असेल, तर त्या टोकावर रंग पस्तीस-चाळीस वेळा चढलेला असतो. मुळाशी आलेल्या नव्या केसावर मात्र एकदाच. हे दोन्ही केस एकाच डोक्यावर नांदतात. वर हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. तोच हात मानेखाली उतरला की बोटं अडकायला लागतात, आणि शेवटच्या वीतभर भागात नुसता राठपणा उरतो.

माझ्या वहिनींचे केस असे आहेत. रविवारी सकाळी त्या माजघरात पाट मांडून बसतात, मी मागे खुर्चीवर बसते आणि त्यांचा शेपटा सोडते. सोडायचा तोही खालून. रबर ओढून काढायचं नाही, कारण त्याच्याबरोबर चार केस तुटून येतात. आधी टोकाकडचा गुंता बोटांनी मोकळा करायचा, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. घाई केली की 'टच्च' असा बारीक आवाज होतो आणि तुटलेला तुकडा माझ्या बोटांत राहतो. तो उजेडात धरला की टोकाला दोन फाटे फुटलेले दिसतात, कधी मधेच एक पांढरा ठिपका दिसतो. त्या ठिपक्याच्या जागी केसाचं वरचं आवरण झिजून गेलेलं असतं आणि आतले धागे पिंजून बाहेर आलेले असतात. केस तुटतो तो तिथेच.

वहिनींचे केस तिशीच्या आतच पिकायला लागले. सोलापुरात एका प्राथमिक शाळेत त्या शिकवत होत्या. पहिलीतल्या एका पोराने त्यांना बाई म्हणायच्या ऐवजी आजी म्हटलं, ते त्यांना फार लागलं. काळ्या पावडरीचं पहिलं पाकीट माझ्या आईने आणून दिलं. "सूनबाई, लावून बघ, एवढं मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाली. स्टीलच्या जुन्या वाटीत पाणी घालून ती पावडर कालवायची, कपाळाला आणि कानांच्या पाळ्यांना खोबरेल फासायचं, आणि जुन्या टूथब्रशने भांगापासून सुरुवात करायची. उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून तो सगळा खाली शेपट्याला चोळायचा. घराघरांत असंच चालत आलं आहे. पाकीट संपवायचं हा आपल्या काटकसरीचा संस्कार, आणि त्याची किंमत टोकाकडच्या केसांनी मोजली.

दादा गेल्यावर भेटायला आलेल्या बायकांपैकी एकीने त्यांच्या भांगाकडे बघत हळूच विचारलं, "आता कशाला हो रंगवायचे?" वहिनी काही बोलल्या नाहीत. भांगात पांढरी रेघ उमटली तशी त्यांनी नेहमीच्या रविवारी वाटी काढली आणि रंग कालवला. मी शेजारी बसून पाहत होते. त्या घरात त्या दिवशी याहून धीराची गोष्ट कुणी केली नाही.

बाईच्या केसांवर आपल्याकडे बाईपेक्षा इतरांनीच जास्त हक्क सांगितला. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर आपण वस्तरा चालवायचा नाही, असं त्या कष्टकरी माणसांनी ठरवलं. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. वस्तरा थांबला. पण विधवेने डोक्याचं काय करावं हे तिला सांगायची सवय अजून पुरती थांबलेली नाही. म्हणून केस राठ झाले की "रंगवणं सोडून द्या" एवढं सांगून मोकळं होणारा माणूस, मग तो नातेवाईक असो की जाणकार, मला काळजी घेणारा वाटत नाही. वहिनींना रंग हवा आहे आणि केसही हवे आहेत. दोन्ही धरून काय करता येईल ते बघायचं.

रंग बिनशर्त थांबवावा असं एकच कारण मला मान्य आहे. लावल्यावर डोक्याला खाज सुटली, पापण्या सुजल्या, कपाळावर किंवा कानामागे पुरळ उठलं, तर त्यानंतर तो रंग पुन्हा डोक्याला लागता कामा नये, आणि तडक त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. बहुतेक काळ्या रंगांत पॅरा-फेनिलीनडायअमाइन असतं, पाकिटावर त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. त्याची ॲलर्जी वर्षानुवर्षं रंग लावणाऱ्यालाही एक दिवस अचानक होऊ शकते. म्हणून नवं पाकीट आणलं की आधी कानामागे थेंबभर लावून अठ्ठेचाळीस तास थांबायचं. काळी मेंदी म्हणून जे विकलं जातं त्यातही पुष्कळदा हेच पीपीडी असतं. खरी मेंदी केस कधी काळे करत नाही, तांबूस करते.

ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना मी केराटिनवर हौसेने बोलत असे. लोकर, नखं, गाईची शिंगं आणि आपले केस हे सगळं त्याच प्रथिनांच्या कुळातलं. केसाच्या गाभ्यात या प्रथिनाचे धागे असतात आणि त्यांच्यावर पातळ, पारदर्शक खवल्यांचे सहा ते दहा थर. खवले मुळाकडून टोकाकडे कललेले असतात. एकच केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं नेली तर ती सरकतात, उलटी नेली तर अडकतात. हा प्रयोग वर्गातल्या मुली तिथल्या तिथे करून बघत. सगळ्यांत वरच्या खवल्यावर एक अतिसूक्ष्म स्निग्ध थर असतो. अठरा-मिथाइल आयकोसॅनोइक आम्ल असं लांबलचक नाव असलेला हा पदार्थ खवल्याला रासायनिक बंधाने जखडलेला असतो. निरोगी केसावरून पाणी ओघळून जातं ते त्याच्यामुळे, आणि एक केस दुसऱ्यावरून अलगद सरकतो तोही त्याच्यामुळे.

टिकाऊ रंगाची अडचण अशी, की रंगाचे रेणू मोठे असले तर ते केसात शिरत नाहीत आणि शिरण्याइतके लहान असले तर दोन न्हाणांत निघून जातात. युजीन श्युलर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०७ मध्ये पॅरिसमध्ये जो केसांचा रंग तयार केला, त्याच घराण्यातले आजचे रंग ही अडचण मोठ्या हुशारीने सोडवतात. तयार रंग आत जातच नाही, त्याचा कच्चा माल जातो. अमोनियामुळे मिश्रणाचा सामू नऊ ते साडेदहाच्या घरात जातो, केस फुगतो, खवले उचलले जातात. पीपीडीसारखे लहान, बिनरंगी रेणू आत शिरतात. हायड्रोजन पेरॉक्साइड मूळचं रंगद्रव्य फिकं करतं आणि या लहान रेणूंची एकमेकांशी सांगड घालून मोठे रंगीत रेणू बनवतं. आता त्यांना बाहेर पडायला वाट नाही. म्हणून रंग टिकतो. पण त्याच अर्ध्या तासात पेरॉक्साइड केराटिनमधले काही गंधकाचे बंध तोडून टाकतं, आणि तो वरचा स्निग्ध थर धुपून जातो. त्वचेबाहेर आलेला केस जिवंत नसतो. कातडीवरची जखम भरून येते तसं त्याचं होत नाही. जे गेलं ते त्या केसापुरतं कायमचं गेलं.

'अमोनिया नाही' असं पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं तेव्हा त्याच्या जागी बहुधा मोनोइथेनॉलअमाइन असतं. त्याला तसा उग्र वास नसतो, पण ते अमोनियासारखं उडूनही जात नाही. पेरॉक्साइड दोन्हींत आहेच. तेव्हा नाकाला झालेलं सुख केसालाही झालं, असं धरून चालू नये.

एक गोष्ट मला वहिनींच्या शेपट्याने शिकवली. अशा केसांना आपण कोरडे म्हणतो, पण धुतल्यावर ते निरोगी केसांपेक्षा जास्त पाणी पितात. वहिनी सकाळी न्हायल्या तर त्यांची मुळं तासाभरात वाळतात, आणि दुपारचा चहा झाला तरी शेवटची वीत दमटच असते. अडवणारा थर गेलेला, म्हणून पाणी सरळ आत. केस फुगतो, वाळला की आकसतो, पुढच्या न्हाणाला पुन्हा फुगतो. या फुगण्या-आकसण्यात उरलेले खवलेही सुटत जातात. हाताला जो कोरडेपणा लागतो तो खरं तर घर्षणाचा आहे, उघड्या खवल्यांचा. त्यामुळे 'ओलावा देणारं' म्हणून बाजारात जे मिळतं, त्याच्याकडे मी आता याच नजरेने बघते. या केसाला पाण्याची तहान नाही. त्याला हवा आहे तो गेलेल्या थराच्या जागी एखादा स्निग्ध हात, आणि पाणी आत जाण्याआधी थोडी आडकाठी.

ती आडकाठी आपल्या फडताळात पूर्वीपासून आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. केसातून प्रथिन धुऊन जाण्याचं प्रमाण तिघांपैकी फक्त खोबरेलाने कमी केलं, चांगल्या केसांतही आणि खराब झालेल्या केसांतही. ही कंपनी खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच मी तो निबंध वाचला. तरी त्यातलं कारण पटण्याजोगं आहे. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर. त्याचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा, म्हणून तो केसाच्या आतपर्यंत पोचतो. सूर्यफुलाच्या तेलाचे रेणू मोठे आणि वाकलेले, ते बाहेरच राहतात. खनिज तेल केसावर चकाकी देतं, पण त्याला केराटिनची ओढ नाही.

फक्त तेल लावायची जागा बदलावी लागते. आपल्याकडे तेल म्हणजे टाळूवर थापणं, जिरवणं, चंपी करणं. ते सुख आहेच, त्याला कोण नाही म्हणेल? पण टाळूपाशी कातडीचं स्वतःचं तेल असतं. रंगाने खंगलेला केस खाली असतो आणि वाटीतलं तेल तिथवर पोचतच नाही. म्हणून मी शनिवारी रात्री दोन चमचे खोबरेल तळव्यांवर चोळून कोमट करते, शेपट्याचे चार भाग करते आणि प्रत्येक भाग टोकाकडून वर, दोन्ही तळव्यांमध्ये दाबत जाते. चोळत नाही. रात्रभर ते मुरतं. सकाळी पाणी आत शिरतं तेव्हा तेल आधीच बसलेलं असतं.

शांपू फक्त डोक्याच्या कातडीला लावायचा. त्याचा फेस खाली उतरताना शेपटा जेवढा धुवेल तेवढं पुरे. त्यानंतर कंडिशनर, आणि तो मात्र फक्त खाली. गंधकाचे बंध तुटतात तिथे नवे आम्लगट तयार होतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. कंडिशनरमधले मुख्य रेणू धनभारित असतात. म्हणून केस जिथे जास्त खराब तिथेच ते जास्त चिकटतात, आणि चांगल्या भागावरून वाहून जातात. हे मी वहिनींना समजावलं तेव्हा त्या मान मागे वळवून म्हणाल्या, "म्हणजे कुठे दुखतंय ते त्याला कळतं म्हण की!" शिक्षिकेला शोभणारं आकलन. असे मोजके रेणू रसायनशास्त्रात मला मनापासून प्रिय आहेत.

सोलापूरच्या पाण्याबद्दल बोलायलाच हवं. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, एरवी बोअरचं. त्या पाण्याने बादलीच्या काठावर आणि शॉवरच्या तोंडावर पांढरे क्षार धरतात. तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावरही बसतं, आणि रंगवलेला केस ते जास्त ओढून घेतो, पुन्हा त्या ऋणभारामुळेच. वहिनी नळाला पाणी आलं की एक कळशी न्हाणासाठी बाजूला ठेवतात, शेवटच्या धुण्याला. तेवढ्यानेही फरक पडतो, बोटांना स्पष्ट कळतो.

आणि मग पुसणं. डोकं खसाखसा पुसायची, केस झटकायची, पंचा पिळून अंबाड्यासारखा घट्ट बांधायची सवय मोडायला वहिनींना फार दिवस लागले. ओला केस ताणला की लांबतो, आणि खवले आधीच सुटलेले असतील तर तो लांबून पुन्हा मूळ आकाराला येत नाही. त्यांच्या सासूची, म्हणजे माझ्या आईची, एक इरकल त्यांच्या ट्रंकेत आहे. घडीवर विरलेली. ती साडी त्या पिळत नाहीत, आपटत नाहीत, सावलीत पसरून वाळवतात, दर वेळी घडी बदलतात. "वहिनी, हे केस त्या इरकलीसारखे हाताळा," एवढंच मी म्हणाले. त्यानंतर मला पुन्हा सांगावं लागलं नाही. आता मऊ सुती पंच्यात केस नुसते टिपून घेतात, अर्धवट वाळू देतात, आणि रुंद दातांच्या कंगव्याने खालून वर विंचरतात.

शेजारपाजारचे उपायही येतात, प्रेमानेच येतात. अंड्याने चकाकी आली असं वाटतं खरं, पण अंड्यातलं प्रथिन केसात शिरायला फार मोठं आहे, ते वरवर बसतं आणि धुऊन जातं. खायचा सोडा तर अल्कली, रंगाने जे केलं तेच पुन्हा करणारा. लिंबू थेट चोळून उन्हात बसणं मला मान्य नाही. शिकेकाईवर माझा जीव आहे, तिच्या फेसात निवळ सौम्यपणा आहे, पण तिचा चोथा उघड्या खवल्यांत अडकतो. तिचं गाळलेलं पाणी वापरावं. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस केस सुटायला मदत करतो, तो जरूर लावावा. मेंदीने रंगवलेले केस आणखी ताठ होतात, आणि भेसळीच्या मेंदीत धातूंचे क्षार असले तर नंतरच्या पेरॉक्साइडशी त्यांची अशी प्रक्रिया होते की केस गरम होऊन तुटतात.

या सगळ्याहून मोठा फरक मात्र रंग लावण्याच्या पद्धतीने पडला. आता वहिनींचा रंग पार्लरमधली एक तरुण मुलगी लावते. पाकीट संपवायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं. रंग फक्त मुळांना, जेवढं पांढरं वर आलंय तेवढ्यालाच. खालच्या सगळ्या केसांना ती आधी कंडिशनरचा जाड थर लावते, म्हणजे ओघळ आला तरी आत शिरणार नाही. पेरॉक्साइड सहा टक्क्यांचं, ज्याला पार्लरमध्ये वीस व्हॉल्यूम म्हणतात. पांढरे केस काळे करायला तेवढं पुरतं, चाळीस व्हॉल्यूमची गरजच नाही. घड्याळ लावून वेळ पाळायची. खाली जुना रंग उन्हाने तांबूस पडला आहे, त्यावर अधूनमधून पेरॉक्साइड नसलेला, केसावर नुसता बसणारा रंग ती लावते. तो काही न्हाणांत उतरतो. उतरू दे. उन्हात बाहेर पडताना स्कार्फ असतोच.

फाटे फुटलेली टोकं कशानेही सांधली जात नाहीत. सीरम लावलं की दोन-चार दिवस ती चिकटून राहतात, पुढच्या न्हाणाला पुन्हा सुटतात, आणि न कापली तर फाटा वर चढत जातो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बोटभर केस कापायचे. यावर आमचं दर वेळी वाजतं. शेपटा लहान होतो याचं वहिनींना खरंच दुःख होतं आणि ते मला समजतं. लग्नात त्यांचा शेपटा गुडघ्याशी यायचा, मी पाहिलाय. पण मुळाकडून येणारा प्रत्येक नवा सेंटिमीटर आता एकदाच रंग पाहतो, आणि वरची वीत-दीड वीत हाताला अगदी वेगळी लागते. त्यांनाही ते कळतं. मधेच त्या स्वतः हात मागे नेऊन मुळांपासून खाली बोटं फिरवतात आणि चांगलं कुठपर्यंत उतरलंय ते चाचपून बघतात.

येत्या मार्गशीर्षात भाच्याचं लग्न आहे. वहिनींनी फर्मान काढलंय: अंबाडा घालायचा, आणि मोगऱ्याचा गजरा माळायचा. "आणि पिनांचं काय ते तू बघ," असं मला बजावलंय. पार्लरच्या मुलीला मी सांगून ठेवलंय की केस उलटे विंचरून फुगवायचे नाहीत, स्प्रे नको, घट्ट रबर नको. साध्या गोल टोकाच्या यू-पिना आणि गजऱ्याला मऊ दोरा. रंग लग्नाच्या आठ दिवस आधी, म्हणजे कपाळावरचा डाग जायला वेळ मिळेल. गजरा मात्र वहिनी स्वतः निवडणार आहेत. दोन पदरी हवा, असं त्यांनी आत्ताच सांगितलंय.